मुळशीच्या पाण्याचा पहिला वाटा काठाला

गेल्या मे महिन्यात मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, ताम्हिणीच्या रस्त्यापासून आत उतरलेल्या एका वाडीत मी दोन दिवस मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यांच्या घरी उतरले होते त्या आजी डोक्यावर चुंबळ ठेवून हंडा घेऊन निघाल्या, तशी मीही एक कळशी उचलली. पावसाळ्यात तळ्याचं पाणी वाडीखालच्या आंब्याच्या बुंध्याला लागतं, असं त्यांनी जाताजाता दाखवलं. त्या आंब्यापासून पुढे मी पावलं मोजली. पाचशे चाळीस. आधी मुरमाड उतार, मग भेगाळलेली माती, शेवटी घोट्यापर्यंत पाय रुतेल असा गाळ. गाळाच्या अलीकडे दगडांच्या वाकड्या ओळी एकीखाली एक उतरत गेल्या होत्या. भाताच्या खाचरांचे बांध होते ते. जवळजवळ शंभर वर्षं दर पावसाळ्यात बुडून दर उन्हाळ्यात वर येणारे हे बांध अजून जागचे हललेले नाहीत.

काठाशी डवरा खणलेला होता. त्यात झिरपून आलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला बराच वेळ गेला. "पानी उतरलं का आमची वाट लांबती," आजी म्हणाल्या आणि हंडा डोक्यावर घेऊन चढाला लागल्या.

धरणातलं पाणी उतरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. उंचावरच्या पाण्यातली ऊर्जा, टर्बाइन, जनित्र हे सगळं दर वर्षी फळ्यावर काढते. घाटाखाली कोकणात भिऱ्याच्या पॉवर हाऊसात मुळशीच्या पाण्यावर यंत्रं फिरतात, तसं मुळशीचं तळं खाली जातं. ते जेवढं खाली जातं तेवढी या बायकांची वाट लांबते, हे मात्र त्या सकाळपर्यंत माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. घाटाखाली तयार झालेल्या विजेचा काही भाग घाटावर कुणीतरी पायांनी मोजून देतं.

मुळशीच्या पाण्याबद्दल अलीकडे बरंच बोललं जातं. पुण्याला आणि पिंपरी-चिंचवडला ते नळाला हवं आहे. सोलापूरला उजनीत हवं आहे. मुंबईला विजेसाठी हवं आहे, आणि शनिवार-रविवारी त्याच्याकडे नुसतं बघत बसायला हजारोंना हवं आहे. या सगळ्यांची गरज मला कळते. पण नव्या वाटणीची बोलणी होण्याआधी काठावरच्या गावांचा वाटा कायद्याच्या कागदावर पहिल्या ओळीत लिहिला गेला पाहिजे, असं मी ठामपणे म्हणते. त्यांचं पिण्याचं पाणी, त्यांच्या घराखालची जमीन आणि त्यांच्या काठावर पोट भरण्याचा त्यांचा अधिकार. बाकीच्यांची वाटणी त्यानंतर.

हे धरण बांधणाऱ्यांची कल्पना थक्क करणारी होती, हे आधी मान्य करायला हवं. मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात ती मुठेला भेटते, पुढे भीमा, मग उजनी, मग कृष्णा आणि शेवटी बंगालचा उपसागर. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस असा अख्खं दख्खन ओलांडून जातो. त्याच माथ्यापासून पश्चिमेला मात्र काही किलोमीटरवर कडा तुटतो आणि खाली कोकण. पूर्वेला निघालेलं पाणी अडवायचं, बोगद्यातून पश्चिमेच्या कड्यावर न्यायचं आणि सुमारे ५०० मीटर खाली सोडायचं, ही जमशेटजी टाटांच्या मनातली योजना. ती त्यांच्या पश्चात उभी राहिली. १९११ मध्ये लोणावळ्याला वळवण धरणाची पायाभरणी झाली, १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली, १९२२ मध्ये भिवपुरी सुरू झालं आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर भिरा. दीड किलोमीटर लांबीची, सुमारे ४९ मीटर उंचीची दगडी भिंत आजही तशीच उभी आहे. या विजेनं मुंबईच्या गिरण्यांची कोळशाच्या धुरातून बरीच सुटका केली. १९२५ साली व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची लोकल धावली आणि १९३० मध्ये डेक्कन क्वीन सुरू झाली. मुंबईला आधुनिक शहर करण्यात मावळातल्या पावसाचा हात आहे, असं मी मुलांना सांगते आणि ते खरंच आहे.

ज्यांच्या शेतावर तो पाऊस पडायचा त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. मुळशी पेट्यातली, म्हणजे तेव्हाच्या तालुक्याच्या त्या भागातली, पन्नासेक गावं या योजनेत जाणार होती. आंबेमोहोराची खाचरं होती ती. एका खासगी कंपनीसाठी सरकारनं १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा बडगा उगारला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे, म्हणजे इथलेच शेतकरी, धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम थांबलं. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी हा लढा उभा केला. याच लढ्यानं बापटांना 'सेनापती' केलं. 'जान किंवा जमीन' ही घोषणा तिथली. बायका-पोरांसह माणसं कामाच्या जागी बसली, मार खाल्ला, तुरुंगात गेली. जगातल्या पहिल्या संघटित धरणविरोधी आंदोलनांत मुळशीचं नाव घेतात, ते उगीच नाही. गांधीजींनीही त्या वेळी 'यंग इंडिया'त लिहून टाटांना विनवलं होतं की कायद्याच्या हक्कावर अडून न बसता या लोकांशी बोला; एकाही गरीब माणसाच्या इच्छेविरुद्ध मिळालेल्या वरदानाची किंमत काय, असा त्यांचा सवाल होता. पुढे लढ्याच्या पद्धतीवरून त्यांचं आणि बापटांचं जुळलं नाही. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला.

या इतिहासातला एक धागा आपण नेहमी हातातून सोडून देतो. मुळशीचा शेतकरी दोन बाजूंनी लढत होता. समोर कंपनी आणि सरकार होतं, तर पाठीमागे सावकार. पेट्यातली पुष्कळ जमीन कर्जापायी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेलेली होती. कसणारा मावळा, मालक सावकार. भरपाईची बोलणी सुरू झाली तशी सावकारांना जमीन वाचवण्यापेक्षा चांगला दर मिळवण्यात रस वाटू लागला आणि लढ्याला आतून तडा गेला. पैसा गेला तो ज्याचं नाव कागदावर होतं त्याच्याकडे. ज्याचे पाय चिखलात होते त्याच्याकडे त्यातलं किती आलं, हे त्याच्या नातवंडा-पतवंडांच्या घरांकडे बघून समजतं.

मुंबईत दादरहून लोअर परळकडे जाणारा रस्ता सेनापती बापटांच्या नावाचा आहे. ज्या गिरण्यांना ही वीज जायची त्यांतल्या कितीतरींच्या जमिनी त्याच पट्ट्यात होत्या; आता तिथे काचेचे मनोरे उभे आहेत. त्या रस्त्यावरून जाताना मला दर वेळी वाटतं की माणसाचं नाव रस्त्याला दिलं, पण त्यानं मांडलेला प्रश्न कुणी घरी नेला नाही. प्रश्न साधा होता: ज्याच्या डोक्यावरून पाणी जाणार, त्याला विचारलं का?

आजही तसंच आहे. जमीन गेली तेव्हा लोक फार लांब गेले नाहीत. जायचं कुठं? ते पाण्याच्या रेषेच्या वर सरकले आणि डोंगराच्या कुशीत पुन्हा घरं बांधली. मी राहिले त्या वाडीत घराचा उतारा कुणाच्याही नावावर नाही. चार पिढ्या त्याच जोत्यावर राहिल्यात, पण गावठाण म्हणून नोंद नाही. नोंद नाही म्हणून घरकुल नाही. सामायिक विहीर खणायची तर जागा कुणाची, हा प्रश्न. नळयोजनेची टाकी बांधायची तरी तोच प्रश्न. गावठाणाची ही मागणी मुळशी धरणग्रस्त वर्षानुवर्षं करत आले आहेत. राज्यात प्रकल्पग्रस्तांसाठी पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, पण तोवर मुळशीचं धरण पन्नाशीला टेकलं होतं. कायदा यायच्या आधीच जे बुडाले, त्यांचं वय हाच जणू त्यांचा दोष ठरला. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण आपण भाषणात सहज फेकतो. मुळशीच्या काठावर ती म्हण नाही, रोजची सकाळ आहे.

आता पाण्याच्या वादाकडे येते, कारण तिथे आकडे बोलू शकतात. कृष्णा पाणीवाटप लवादानं, म्हणजे बच्छावत लवादानं, टाटांच्या सगळ्या जलविद्युत धरणांतून मिळून पश्चिमेला वळवायच्या पाण्याला मर्यादा घातली आहे: कोणत्याही एका वर्षात ५४.५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि सलग पाच वर्षांत मिळून २१२ टीएमसी. म्हणजे सरासरी वर्षाला साडेबेचाळीसच्या आसपास. उजनी भरायला ११७ टीएमसी लागतात, पुण्याची खडकवासला साखळी चार धरणं मिळून २९ च्या आसपास. साडेबेचाळीस टीएमसी हा आकडा मग साहजिकच डोळ्यांत भरतो. दुष्काळाच्या वर्षी सोलापूरकर विचारतात की आमच्या खोऱ्यातलं पाणी समुद्रात का सोडता, आणि त्यांचं विचारणं रास्त आहे.

मुळशीच्या धरणात अठरा-वीस टीएमसी मावतं. ५०० मीटर उंचीवरून एक घनमीटर पाणी खाली सोडलं तर यंत्रातली घट धरून एक युनिटापेक्षा थोडी जास्त वीज मिळते. एक टीएमसी म्हणजे जवळपास २.८३ कोटी घनमीटर, म्हणजे सव्वातीन कोटी युनिट. वीस टीएमसीचे पासष्ट कोटी युनिट होतात. आकडा मोठा दिसतो, पण महाराष्ट्राच्या वर्षाच्या विजेच्या तुलनेत तो अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही. १९२७ मध्ये या विजेवर मुंबई उभी होती. आज मुंबईची एकटीची कमाल मागणी ४,००० मेगावॅटच्या पुढे गेली आहे आणि भिऱ्याची क्षमता ३०० मेगावॅट आहे.

एवढ्यावरून 'बंद करा ती वीज आणि पाणी वळवा पूर्वेला' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. जलविद्युतचे संच काही मिनिटांत सुरू होतात. औष्णिक केंद्राला तासन्‌तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा अशा झटपट उठणाऱ्या विजेची किंमत सगळ्यांना कळली. संध्याकाळी सूर्य मावळला की सौर ऊर्जा घरी जाते आणि नेमकी तेव्हाच मागणी चढते. ती फट भरायला डोंगरावरचं पाणी लागतं. शिवाय भिऱ्याहून सुटलेलं पाणी वाया जातं हा समजही अर्धवट आहे. ते कुंडलिकेत जातं. डोलवहालच्या बंधाऱ्यातून रोहा-माणगावच्या शेताला जातं, रोह्याच्या कारखान्यांना जातं. कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या होड्या निघतात त्याही भिऱ्याहून सोडलेल्या पाण्याच्या वेळेवर. आठ-नऊ दशकं एक अख्खं खोरं त्या पाण्याच्या आधारानं जगायला शिकलं आहे. एका दिवसात ते बंद केलं तर घाटावरचा जुना अन्याय घाटाखाली नव्यानं होईल. पुण्याची तहान खरी आहे, पण पुणं माणशी किती पाणी उचलतं आणि त्यातलं किती गळतीत घालवतं, याचा हिशेब दिल्याशिवाय शेजारच्या तळ्यावर बोट ठेवण्याचा अधिकार त्याला पोचत नाही. मी पुण्याचीच आहे, आणि हे लिहिताना माझ्या घरच्या नळाला दोन्ही वेळ पाणी आहे.

विजेचा आणि नळाचा हा वाद न्यायालयात, समित्यांत, विधिमंडळात चालू राहील. त्याला वेळ लागेल, लागू दे. काठाच्या पाण्याला मात्र थांबायचं कारण नाही, कारण त्याचा आकडा इतका लहान आहे की या वादाला त्याचा धक्काही लागत नाही. समजा काठावर वीस हजार माणसं आहेत असं धरू. जलजीवन मिशनच्या मापानं माणशी रोज ५५ लिटर. दिवसाला अकरा लाख लिटर, म्हणजे ११०० घनमीटर. वर्षाला चार लाख घनमीटर. टीएमसीत सांगायचं तर ०.०१४. दीड शतांशाच्याही आत! एवढ्या पाण्यातून भिऱ्याला पाच लाखापेक्षा कमी युनिट वीज झाली असती, म्हणजे पासष्ट कोटींचा तेराशेवा हिस्सा. पाच रुपये युनिट धरलं तर पंचवीस लाख रुपये. तळ्याच्या काठावर या पैशात एक बंगलाही येत नाही. पाणी वाडीपर्यंत चढवायला पंपाची वीज लागेल, टाक्या, गाळणी, नळ लागतील, देखभालीला माणूस लागेल. हा खर्च त्याहून कितीतरी मोठा आहे, हे खरं. तरी तो तळ्यातून मिळालेल्या शंभर वर्षांच्या फायद्यापुढे ठेवून बघा. आजींच्या पाचशे चाळीस पावलांना कुठलीही तांत्रिक अडचण कारणीभूत नाही. ज्या देशानं बोगदा खणून नदीची दिशा फिरवली, त्याला शंभर मीटर पाणी वर चढवता येत नाही?

राज्याच्या जलनीतीत पिण्याचं पाणी पहिलं, हे कधीचं लिहिलेलं आहे. मुळशीच्या काठावर ते सर्वात शेवटी येतं, मार्च-एप्रिलनंतर, टँकरमधून.

आणि आता पर्यटन. मला तळं बघायला येणाऱ्यांचा राग नाही. ऑगस्टात ताम्हिणीतून पळसे गावाकडे येताना धुक्यातून एकदम ते रुपेरी पाणी दिसतं तेव्हा गाडी थांबवावीशी वाटते, मीही थांबवते. शहरात पिचलेल्या माणसाला दोन दिवस पाण्याकाठी बसावंसं वाटणं ही माणुसकीचीच गोष्ट आहे. पण त्या देखाव्याचा व्यापार झाला तो कसा, हे बघायला हवं. डोंगरउतारावरच्या जमिनी एकराच्या भावानं गेल्या, एन.ए. प्लॉटच्या भावानं पुन्हा विकल्या गेल्या. 'लेक व्ह्यू' या दोन शब्दांना दर आला. तो व्ह्यू ज्या पाण्याचा, त्या पाण्याखाली ज्यांची खाचरं, त्यांना या धंद्यात मिळालेली कामं म्हणजे राखणदारी, माळीकाम, भांडी आणि चादरी धुणं. मागे सावकाराचा कागद होता, आता प्लॉटचा आहे. काठावरच्या माणसाचं नाव दोन्हींवर नाही.

त्या सकाळी आम्ही पाण्याकडे जाताना एका फार्महाऊसच्या तारेच्या कुंपणाला वळसा घातला होता. कुंपणाला मध्ये एक छोटं फाटक आहे, तिथून गेलं तर शंभर-सव्वाशे पावलं वाचतात. वाडीतलाच एक मुलगा तिथे राखणदार आहे. सोमवार ते शुक्रवार पहाटे तो फाटक उघडून ठेवतो, बायका तिथून ये-जा करतात, सात वाजता पुन्हा कुलूप लावतो. शनिवार-रविवारी मालक आणि पाहुणे असतात, म्हणून फाटक बंद. मी गेले तो रविवार होता. त्या मुलाला मी दोष देत नाही. आपली नोकरी पणाला लावून तो आठवड्याचे पाच दिवस हे करतो. पण पाण्याकडे जायची शंभर वर्षांची पायवाट एका राखणदाराच्या चांगुलपणावर चालू राहावी, हे मला मान्य नाही. तळ्याच्या काठापर्यंतची पायवाट सार्वजनिक म्हणून नकाशावर यायला हवी, भूमापन करून, दगड रोवून. कुणाचंही कुंपण तिथे तुटलं पाहिजे.

पाण्याकाठी माणसं मरतात, म्हणून सरकार बंदी घालतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागे धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. त्यानंतर जिल्हाभर मनाई आदेश निघाले, पावसाळा सरला की ते विसरले गेले. बंदीपेक्षा माहीतगार माणूस जास्त जीव वाचवतो. कुठल्या ओहोळाला डोंगरावर पाऊस झाल्यावर किती वेळात लोंढा येतो, कुठला काठ आतून पोखरलेला आहे, कुठे गाळात पाय अडकतो, हे काठावरच्या पोरांना लहानपणापासून ठाऊक असतं. त्यांना प्रशिक्षण द्या, पगार द्या, होडी आणि दोर द्या, आणि काठावरचं पर्यटन ग्रामसभेच्या हातात द्या. हे स्वप्नरंजन नाही. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात वन विभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून हेच करतात: रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, आगाऊ तिकीट, त्या पैशातून गावच्या पोरांना काम आणि पठाराची राखण. तिथेही तक्रारी आहेत, गर्दी आहे, भांडणं आहेत. पण पठार कुणाचं, हा प्रश्न तिथे निदान गावाला विचारून सोडवला जातो.

हे सगळं आत्ताच का म्हणते? कारण या डोंगरात नवे करार होऊ लागले आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकार आणि टाटा कंपनी यांच्यात भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. उदंचन म्हणजे दिवसा स्वस्त सौर विजेवर पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी तेच खाली सोडायचं. भिऱ्यालाही एक संच याच पद्धतीचा आहे. हा चांगला मार्ग आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरलं तर पूर्वेसाठी काही राखताही येईल, आणि मुळशीच्या जुन्या वादातून पुढची वाट तिथूनच निघेल असं मला वाटतं. पण शंभर वर्षांपूर्वीच्या करारांत काठाची ओळ नव्हती. या नव्या करारांत ती नसेल तर पुढची शंभर वर्षंही ती नसणार. करार म्हणजे शाई. एकदा वाळली की तिच्यावर लिहिता येत नाही. काठावरच्या प्रत्येक वाडीला बारमाही पाणी देणं, राहत्या घरांची जमीन गावठाण म्हणून मोकळी करणं आणि काठाची वाट खुली ठेवणं, या अटी परवानगीच्या आधी घातल्या गेल्या पाहिजेत. मागाहून विनंत्या करून यातलं काही मिळत नाही, हे मुळशीनं शंभर वर्षांत पुरेसं शिकवलं आहे.

आणि या सगळ्याला जबाबदार असं एकच कार्यालय असायला हवं. हे क्षुल्लक वाटेल, पण वाडीत सगळ्यात जास्त वेळ आम्ही यावरच घालवला. दुपारी देवळाच्या ओट्यावर सात-आठ बायका जमल्या होत्या. मी वहीतला हिशेब त्यांना वाचून दाखवला, वीस हजार माणसं, पंचावन्न लिटर, तेराशेवा हिस्सा. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला. एकीनं विचारलं, "मग बाई, अर्ज लिवू या का आपुन?" मी कागद काढला. पाण्याचा प्रश्न म्हणून पाणीपुरवठा विभाग, की तळं कंपनीचं म्हणून कंपनी? नदी सरकारची म्हणून जलसंपदा, की जमिनीचा मामला म्हणून तहसीलदार? यातल्या प्रत्येकाकडे त्या आधी जाऊन आल्या होत्या, आणि प्रत्येकानं पुढच्याचं दार दाखवलं होतं. शेवटी मजकूर सगळा लिहून झाला, बायकांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात 'प्रति' असं लिहून त्याखालची ओळ आम्ही कोरी ठेवली आहे.